पालकत्व आणि विरंगुळा : प्रौढ विकासात्मक दिव्यांगांसाठी मिळणाऱ्या अनुदानाचा विचार

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, नवीन यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांचा गोषवारा असणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या जबाबदारीचा विचार करावयाचा आहे. ही जबाबदारी बाह्यरुग्ण विभागातून रुग्णालयात प्रवेश करते, परंतु केवळ औषधोपचाराने तिचे निराकरण होत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अथवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ मुलामुलींना घेऊन येणारे आईवडील बहुधा स्वतःच साठी-सत्तरीचे असतात. तपासणी संपल्यावर ते जो प्रश्न विचारतात, तो आजाराविषयीचा नसतो. आमच्यानंतर याचे कोण पाहणार, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यात आहे व ते म्हणजे कायदेशीर पालकाची नेमणूक. दुसरे उत्तर दैनंदिन जीवनात आहे. घराबाहेर जाण्याची, चार माणसांत मिसळण्याची, खेळण्याची व आवडीनिवडी जोपासण्याची संधी, म्हणजेच विरंगुळा, हे ते उत्तर होय. अनुदाने व देणग्या यांचा विचार करताना ही दोन कामे निरनिराळी मानली जातात. पहिले अत्यावश्यक आणि दुसरे हौसेचे, असाही समज आढळतो. ही दोन्ही कामे वस्तुतः एकच आहेत, आणि विरंगुळ्यावाचून पालकत्व हे केवळ कागदावरचे राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रश्नाचे स्वरूप

पूर्वी अशी मुले आईवडिलांच्या हयातीतच दगावत असत. डाऊन सिंड्रोमचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते, आज ते ६० वर्षांच्या आसपास आहे. हृदयदोषावरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि घरी होणारे संगोपन यांचे हे फलित आहे. वैद्यकशास्त्राचे हे यश आनंददायक असले, तरी त्यातूनच नवी जबाबदारी निर्माण झाली. मूल आता आईवडिलांच्या मागे अनेक वर्षे जगणार आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद त्या वेळच्या परिभाषेनुसार मतिमंदत्व या सदरात होती. आज त्याऐवजी बौद्धिक दिव्यांगत्व हा शब्द वापरला जातो. महाराष्ट्रात या क्षेत्रातील शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ मध्ये, तर पुण्यातील कामायनी १९६४ मध्ये सुरू झाली. परंतु विशेष शाळांची व्यवस्था साधारणतः वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच असते. त्यापुढे काही जणांना कार्यशाळेत जागा मिळते, इतरांचा दिवस घराच्या चार भिंतींत जातो. शाळेची बस बंद झाली की मित्र, शिक्षक, खेळाचा तास आणि वार्षिक सहल हे सारे एकाच दिवशी संपते. नेमक्या त्याच सुमारास कायद्याच्या दृष्टीनेही मोठा बदल घडतो.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व अधिनियम, १९५६ काय किंवा पालक व पाल्य अधिनियम, १८९० काय, दोन्ही कायदे अल्पवयीनांपुरते आहेत. म्हणजे ज्या आईने वीस वर्षे मुलाला हाताने भरविले, ती त्याच्या अठराव्या वाढदिवसानंतर आपोआप त्याची कायदेशीर पालक राहत नाही. अनेक कुटुंबांना ही गोष्ट प्रथम बँकेत, निवृत्तिवेतन कार्यालयात किंवा रुग्णालयाच्या संमतिपत्रावर सही करताना समजते.

रुग्णालयाच्या दृष्टीने संमतीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. सज्ञान व सक्षम रुग्णाच्या वतीने, तातडीची निकड नसताना, नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निर्णयात स्पष्ट केले. त्या प्रकरणातील रुग्ण स्त्री भुलेच्या अमलाखाली असताना तिच्या आईची संमती घेण्यात आली होती. जीव वाचविण्याची निकड असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. परंतु दातांची शस्त्रक्रिया, हर्निया, मोतीबिंदू अशा नियोजित उपचारांत, निर्णय समजून घेण्यास असमर्थ असलेल्या प्रौढाच्या वतीने अधिकृतपणे कोण बोलणार, हे ठरलेले असावयास हवे.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये नामनिर्दिष्ट प्रतिनिधीची तरतूद आहे. परंतु त्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळलेले आहे. ज्याला केवळ बौद्धिक दिव्यांगत्व आहे, त्याच्या पालकत्वाचा मार्ग त्या कायद्यातून जात नाही.

१९९९ चा कायदा व नेमणुकीची रीत

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार प्रकारच्या व्यक्तींसाठी संसदेने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. केंद्र शासनाने न्यासाला एकरकमी १०० कोटी रुपयांचा निधी द्यावा, अशी तरतूद कायद्यातच करण्यात आली. व्यक्तीने शक्य तितके स्वावलंबी व आपल्या समाजाच्या सान्निध्यात जगावे, आणि आईवडिलांच्या मृत्यूनंतर तिची काळजी घेतली जावी, ही या न्यासाची प्रमुख उद्दिष्टे आहेत.

या कायद्याखाली स्थानिक स्तर समिती स्थापन केली जाते. तीत जिल्हाधिकारी दर्जापेक्षा कमी नसलेला प्रशासकीय अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तीन सदस्य असतात. समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावयास हवी. आई, वडील अथवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीची पालक म्हणून नेमणूक व्हावी, यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते, परंतु त्यासाठी त्या व्यक्तीच्या विद्यमान पालकाची संमती आवश्यक असते. या व्यक्तीला पालकाची खरोखर गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कारणांसाठी आहे, या दोन गोष्टी समितीने पाहावयाच्या असतात.

पालक होणारी व्यक्ती भारतीय नागरिक असावी, तिला फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, ती दिवाळखोर किंवा स्वतः इतरांवर अवलंबून नसावी, अशा अटी आहेत. पाल्य स्त्री असल्यास एकट्या पुरुषाला पालक नेमले जात नाही. पुरुषाला पत्नीसह सहपालक व्हावे लागते.

नेमणुकीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर व्यवहार सुकर होतात. या समितीने दिलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे बँकांनी खाते उघडून पालकाला ते चालवू द्यावे, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये परिपत्रकाद्वारे कळविले आहे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्याच्या मागे, उपजीविका करण्यास असमर्थ असलेल्या दिव्यांग अपत्याला नियमांच्या अधीन राहून आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. ते स्वीकारावयासही अधिकृत पालक लागतो.

हिशेब देणारा पालक

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला या कायद्यातील एक तरतूद विशेष मोलाची वाटते. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पालकाने पाल्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेची, येण्याची व देण्याची यादी समितीला सादर करावयाची असते. त्यानंतर प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमा, खर्च व शिल्लक यांचा हिशेब द्यावयाचा असतो. पाल्याची हेळसांड किंवा छळ होत असल्यास, अथवा त्याच्या मालमत्तेचा अपहार किंवा दुर्लक्ष होत असल्यास आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था पालकाला दूर करण्यासाठी अर्ज करू शकतात.

ही तरतूद घराघरांत समजावून सांगण्याची गरज आहे, कारण प्रचलित रीत याच्या उलट आहे. बहुतेक कुटुंबांत घर व ठेवी एका भावाच्या किंवा बहिणीच्या नावे करून, तू याला सांभाळ, असे तोंडी सांगितले जाते. हेतू शुद्ध असतो. परंतु मालमत्ता ज्याच्या नावावर झाली, तो तिचा मालक झाला. पुढे त्याची नोकरी गेली, संसारात अडचण आली किंवा त्याचेच निधन झाले, तर त्या तोंडी वचनाला आधार राहत नाही. ठेवीवरील नामनिर्देशनाबाबतही असाच घोटाळा होतो. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारणारी असते. ती तेवढ्याने रकमेची मालक होत नाही. तसेच मृत्युपत्रात प्रौढ मुलाचा पालक म्हणून कोणाचे नाव लिहिले, तरी तेवढ्याने त्याची नेमणूक होत नाही.

यावर उपाय म्हणून भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खासगी न्यास करता येतो. तो मृत्युपत्राद्वारेही निर्माण होऊ शकतो. मालमत्ता न्यासाची, लाभ मुलाचा आणि कारभार विश्वस्तांचा, अशी त्याची रचना असते. ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली त्याच्याच हाती कीर्द असू नये, हा हिशेबाचा जुना नियम येथेही पाळावा. शरीराची काळजी घेणारा पालक आणि पैसा सांभाळणारे विश्वस्त शक्यतो भिन्न असावेत. यात कोणावर अविश्वास नाही. दोघांनाही एकमेकांचा आधार राहतो, आणि एकाच्या आजारपणाने सारी व्यवस्था कोलमडत नाही.

२०१६ च्या कायद्याने झालेला बदल

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला व भारताने २००७ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ करण्यात आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश केला, आणि मालमत्ता धारण करणे, वारसा घेणे, आर्थिक व्यवहार करणे यांबाबत दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीचा अधिकार असल्याचे मान्य केले.

पालकत्वाविषयी या कायद्याने मूळ दृष्टीच बदलली. पुरेसे साहाय्य देऊनही जी व्यक्ती कायदेशीर निर्णय घेऊ शकत नाही, तिच्यासाठी जिल्हा न्यायालय किंवा राज्य शासनाने नेमलेला प्राधिकारी मर्यादित पालक देऊ शकतो. असे पालकत्व ठरावीक काळापुरते व ठरावीक निर्णयापुरते असते. पालक व पाल्य यांनी परस्परविश्वासाने मिळून निर्णय घ्यावयाचा असतो, आणि तो पाल्याच्या इच्छेला अनुसरून असावा लागतो. अपवादात्मक स्थितीत संपूर्ण साहाय्याचीही सोय आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अन्य कोणत्याही कायद्याखाली नेमलेला दिव्यांग व्यक्तीचा पालक यापुढे मर्यादित पालक म्हणूनच काम करतो, असे या कायद्याने ठरविले. एखाद्या व्यवहारात साहाय्यकाचा स्वतःचा हितसंबंध पाल्याच्या हिताविरुद्ध जात असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे, असेही बंधन आहे.

न्यायालयाची दृष्टी याआधीच त्या दिशेने वळली होती. चंदीगड येथील एका प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीच्या गर्भधारणेविषयीच्या इच्छेचा आदर केला पाहिजे, असे मानून तिच्या संमतीवाचून गर्भपात करण्यास नकार दिला.

तेव्हा आता पालकासमोर खरा प्रश्न उभा राहतो तो असा. ज्याला बोलता येत नाही, किंवा जो समोरच्याला बरे वाटावे म्हणून प्रत्येक प्रश्नाला होच म्हणतो, त्याची इच्छा ओळखावयाची कशी?

विरंगुळा हे इच्छेचे शिक्षण

इच्छा एकाएकी प्रकट होत नाही. निवड करण्याची संधी वारंवार मिळाली, तरच ती घडते व इतरांना दिसू लागते. ज्याने वीस वर्षे समोर आलेले ताट मुकाट्याने रिकामे केले, त्याला कोठे राहावयाचे आहे असे विचारून उत्तर मिळणार नाही. तेच, आज कॅरम की बाग, चित्र की गाणे, लाल पतंग की निळा, अशा लहान निवडी आठवड्यातून दोनदा करणारा प्रौढ हळूहळू नाही म्हणावयास शिकतो. नाही म्हणता येणे हे त्याच्या सुरक्षिततेचेही साधन आहे. नको असलेला स्पर्श नाकारणे व तो कोणाला तरी कळविणे त्यातूनच शक्य होते.

दुसरा लाभ पालकाचा आहे. समजा, बेचाळीस वर्षांच्या अविवाहित प्रौढाचे वडील वारले आणि पुतण्या पालक झाला. या पुतण्याने काकाला केवळ दिवाळीच्या चार दिवसांत पाहिलेले असेल, तर काका कानावर हात मारून घेतो तेव्हा त्याचा कान दुखत असतो, की कुकरच्या शिट्टीचा त्याला त्रास होतो, हे त्याला कसे कळावे? तोच पुतण्या महिन्यातून एकदा काकाला पोहण्यास किंवा भजनास घेऊन जात असेल, तर कागदावर सही करण्याआधीच तो पालक झालेला असतो. भावी पालकाची ओळख व्हावी, यासाठी विरंगुळ्याच्या कार्यक्रमाइतकी सहज जागा दुसरी नाही.

तिसरा लाभ समाजाचा आहे. ज्याला भाजीवाला, ग्रंथालयाचा शिपाई, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते नावाने ओळखतात, तो दिसेनासा झाला तर चौकशी होते. कायद्यातील हिशेब वर्षातून एकदा तपासला जातो, शेजाऱ्यांचे लक्ष मात्र रोज असते.

२०१६ च्या कायद्यात सांस्कृतिक जीवन, करमणूक व क्रीडा यांविषयी स्वतंत्र कलमे आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या करारातही तसे कलम आहे. त्यामुळे विरंगुळा हा उपकार नसून हक्क आहे. या क्षेत्रातील मोठे उदाहरण म्हणजे स्पेशल ऑलिम्पिक्स. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये शिकागो येथे त्याच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या. त्यातील एकत्रित संघांची पद्धत, म्हणजे बौद्धिक दिव्यांग व अन्य खेळाडूंनी एकाच संघातून खेळणे, आपल्या गल्लीतील क्रिकेटलाही लागू करता येण्याजोगी आहे.

आनंदासोबत दक्षता

रुग्णालयाने या कामात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वैद्यकीय दक्षतेत आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. कोलांटउडी, सूर मारणे अशा प्रकारांपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. त्यांच्यात थायरॉईडची न्यूनता व स्थूलता अधिक आढळते, आणि स्मृतिभ्रंश तुलनेने लवकर उद्भवू शकतो. आवडीच्या खेळातून अचानक मन उडाले, तर त्याला आळस न समजता तपासणी करावी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना अपस्माराचा विकार असतो. त्यांना पोहताना प्रत्येकी एक मदतनीस हाताच्या अंतरावर असावा. स्वमग्न व्यक्तीला ढोलताशांचा आवाज असह्य होऊ शकतो. मिरवणुकीऐवजी सकाळची शांत आरती तिला आवडेल. सहलीचा कार्यक्रम चित्रांद्वारे आदल्या दिवशी दाखविला, तर पुष्कळ अस्वस्थता टळते.

या सर्व निरीक्षणांसाठी प्रत्येक व्यक्तीची एक आवडीनिवडीची वही असावी. काय खातो, काय टाळतो, हो आणि नाही कसे दर्शवितो, वेदना झाल्यास काय करतो, कोणाच्या सहवासात शांत होतो, औषधे कोणती व केव्हा घेतो, याची नोंद विरंगुळा केंद्रातील मदतनिसाने व घरच्यांनी मिळून ठेवावी. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली, तर परिचारिकेला ती उपयोगी पडते. आईवडिलांच्या मागे नव्या पालकाला पाल्याची इच्छा जाणून घेण्याचा तोच विश्वसनीय आधार ठरतो. मालमत्तेच्या यादीइतकीच ही वहीसुद्धा त्या व्यक्तीची मालमत्ता आहे.

अनुदान, देणगी व त्यांचा विनियोग

आता पैशाकडे वळू. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. हा निधी निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे. पालकत्वाविषयीचे मार्गदर्शन किंवा विरंगुळा केंद्र यांवर त्यातून खर्च करता येत नाही. म्हणून या कामासाठी स्वतंत्र अनुदान व स्वतंत्र खतावणी आवश्यक ठरते.

राष्ट्रीय न्यासाच्या काही योजना यास पूरक आहेत. निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते व त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि विविध उपचारपद्धतींचाही समावेश असतो. तिचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि नेमके तेच अनेक कुटुंबांकडून राहून जाते. समर्थ-सह-घरौंदा ही सामूहिक निवासाची योजना आहे. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार विशिष्ट आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. तोही एक स्रोत आहे.

या सर्व साहाय्याला मुदत असते. पालकत्व मात्र आजीवन असते. एक वर्षाच्या किंवा तीन वर्षांच्या अनुदानावर आजीवन जबाबदारी उभारणे हे व्यवहारदृष्ट्या धोक्याचे आहे. केंद्राची सवय लागलेल्या प्रौढासाठी ते अचानक बंद पडणे हा दुसऱ्यांदा शाळा सुटण्याचा अनुभव ठरतो. यास्तव मुदतीचा पैसा मुदतीच्या कामाला आणि कायमचा पैसा कायमच्या कामाला, ही विभागणी पाळावी. पालकत्वाचे अर्ज भरून देण्याची शिबिरे, मदतनिसांचे प्रशिक्षण, भावंडांच्या कार्यशाळा, मृत्युपत्र व न्यास यांविषयी वकिलांचे मार्गदर्शन ही कामे मुदतीच्या अनुदानातून व्हावीत. मदतनिसांचे वेतन व वाहनाचा खर्च मात्र कायम निधीच्या व्याजातून भागावा.

यासाठी एक साधे गणित मांडतो. समजा, एका मदतनिसाला दरमहा १५ हजार रुपये द्यावयाचे आहेत, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते असे धरले आणि महागाईसाठी त्यातील २ टक्के मुद्दलात परत घातले, तर खर्चासाठी ५ टक्के उरतात. म्हणजे एका मदतनिसासाठी ३६ लाख रुपयांचा कायम निधी लागतो. हा आकडा मोठा वाटेल. परंतु एका दात्याने तो पूर्ण करावा अशी अपेक्षा नाही. छत्तीस कुटुंबांनी प्रत्येकी एक लाख दिल्यासही तो उभा राहतो, आणि मुद्दल शाबूत राहून मदत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते.

वास्तू व यंत्रे यांना देणगी मिळणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांवर नामफलक लावता येतो. मदतनिसाच्या वेतनावर नामफलक लागत नाही. परंतु विरंगुळ्याच्या कामात कॅरमबोर्ड, रंग व वाद्ये यांचा खर्च अल्प असतो, आणि मुख्य खर्च माणसांवर व ने-आण करण्यावर होतो. म्हणून दात्यांनी कोणत्याही संस्थेला देणगी देताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. या निधीची स्वतंत्र नोंद व लेखापरीक्षित विनियोग प्रमाणपत्र मिळते काय? अनुदान संपल्यानंतर काम कशावर चालणार? आणि लाभार्थींच्या संख्येबरोबरच, वर्षभरात किती जणांच्या पालकत्वाचा अर्ज झाला व किती जण नियमितपणे घराबाहेर पडू लागले, याची नोंद ठेवली जाते काय?

कुटुंबांनी करावयाची कार्यवाही

१. मुलाच्या सतराव्या वर्षीच दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र अद्ययावत करून घ्यावे.

२. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, गरज असल्यास, स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा. पालकत्व नेमके कोणत्या निर्णयांसाठी हवे, हे स्पष्ट लिहावे. जे निर्णय मूल स्वतः घेऊ शकते, ते त्याच्याकडेच राहू द्यावेत.

३. आपल्यानंतरचा पालक कोण, हे हयातीतच ठरवावे. त्याची संमती घ्यावी, आणि तो व पाल्य नियमितपणे एकत्र वेळ घालवितील अशी व्यवस्था करावी. या चर्चेत पाल्यालाही बसवावे.

४. मालमत्तेचा विचार मृत्युपत्र किंवा खासगी न्यासाद्वारे, जाणकार वकील व सनदी लेखापाल यांच्या सल्ल्याने करावा.

५. आवडीनिवडीची वही आजपासून सुरू करावी व दर सहा महिन्यांनी ती तपासावी.

६. आठवड्यातून किमान दोनदा मुलाला घराबाहेरच्या उपक्रमात सहभागी करावे. केंद्र उपलब्ध नसल्यास वाचनालय, बाग, भजनी मंडळ, व्यायामशाळा यांपासून आरंभ करावा.

समारोप

कायद्याने पालकाकडून पैशाचा हिशेब मागितला आहे व पाल्याच्या इच्छेचा आदर करण्याचे बंधनही घातले आहे. पैशाचा हिशेब कीर्द-खतावणीत लिहिता येतो. इच्छेची जाण मात्र त्या व्यक्तीसोबत घालविलेल्या तासांतूनच येते, आणि ते तास उपलब्ध करून देणे म्हणजेच विरंगुळ्याचे काम. ज्या दात्यांनी उपचारांसाठी सढळ हाताने साहाय्य केले, त्यांनी याही कामाचा सहानुभूतीने विचार करावा, विश्वस्तांनी त्यासाठी स्वतंत्र कायम निधी निर्माण करण्याबाबत निर्णय घ्यावा, आणि ज्या कुटुंबांनी पालकत्वाचा अर्ज अद्याप केलेला नाही, त्यांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी संपर्क साधून या वर्षातच तो करावा, अशी नम्र विनंती आहे.